विंचवाचं बिऱ्हाड, मुक्काम आरमोरी

ऑफिसात कुणी सेकंडहँड फास्ट गाडी घेतली की लंच टेबलवरच्या प्रश्नांची क्रमवारी ठरलेली असते. ‘टॉप किती मारते?’ ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ ‘अॅव्हरेज काय देते?’ आणि मग एचआरमधून एक गोड आवाज, ‘ए, मला एक राउंड हं!’ टायर कोणत्या सालचे आहेत, हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही. ब्रेक ऑइलची चौकशी तर दूरच राहिली.

तर आधी उत्तरं देऊन टाकतो. गाडी आहे अबार्थ पुंटो, २०१६ ची. १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कंपनीच्या दाव्यानुसार शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत. अॅव्हरेज विचारू नका, घरातल्या गोष्टी चारचौघांत काढू नयेत. आणि टॉप? अजून बघितलेलं नाही. कारण मंडळी, गेल्या दिवाळीच्या आधी गाडी घेतल्यापासून आजपर्यंत तिचा निम्मा वेळ आरमोरीतल्या एका टिनाच्या शेडमध्ये, दोन ट्रॅक्टर आणि एका हार्वेस्टरच्या मधल्या जागेत गेलाय.

आरमोरी म्हणजे गडचिरोली जिल्हा. वैनगंगेच्या काठचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं आमचं गाव. नोकरी पुण्यात, पण आमच्या टीमचं काम आता बरंचसं घरूनच चालतं, आणि बाबा इथे एकटे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. दर तीन महिन्यांनी नागपूरला तपासणी असते, एका बाजूला जवळपास दीडशे किलोमीटर. आजवर ते एसटीनं जायचे. या वेळी मी म्हटलं, गाडीनं जाऊ. रिटायर्ड मास्तरांनी चष्म्यावरून गाडीकडे बघितलं आणि अट घातली, ‘भरोसा झाला त बसीन. नाही त आपली लालपरी बरी.’

थोडक्यात, जानेवारीतल्या अपॉइंटमेंटपर्यंत माझ्याकडे सव्वादोन महिने होते. तेवढ्यात नऊ-दहा वर्षांच्या एका तापट गाडीला भरवशाची करायची.

थोडी कुंडली सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही गाडी आली तेव्हा किंमत होती ९.९५ लाख, दिल्लीची एक्स-शोरूम. दहा लाखांच्या आत एवढे घोडे, हा तेव्हा सॉलिड धक्का होता. नाव इटालियन, पण जन्म रांजणगावचा, म्हणजे अष्टविनायकातल्या महागणपतीच्या पंचक्रोशीतला. कार्लो अबार्थ हा मूळचा व्हिएन्नाचा गडी. १५ नोव्हेंबर १९०८ चा जन्म, रास वृश्चिक, म्हणून १९४९ मध्ये काढलेल्या कंपनीच्या लोगोत विंचू. १९७१ मध्ये ती कंपनी फियाटकडे गेली. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, त्याआधीच फियाटनं इथल्या आपल्या गाड्यांचं उत्पादन थांबवलं. त्यामुळे आज ही गाडी घेणं म्हणजे पार्ट्सचा शोध घेण्याचा छंद सोबत घेणं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं माझं बिऱ्हाड डिकीत असतं: ऑइलचे कॅन, होज क्लॅम्प, दोन सेन्सर, फ्यूजची डबी आणि फ्लीसच्या पिशवीत गुंडाळलेला इग्निशन कॉइलचा सेट.

माझा फंडा असा. गाडी साडेचार लाखांना घ्यायची असेल तर खिशात साडेपाच-पावणेसहा असले पाहिजेत. वरचा लाख-सव्वालाख गाडी आणखी पळवायला नाही, तिला पुन्हा शून्यावर आणायला. आधीच्या मालकानं गाडी कितीही प्रेमानं वापरली असो, रबर आणि ऑइल कुणाच्या प्रेमाला जुमानत नाहीत. ते किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. ‘सर, गाडी फक्त पस्तीस हजार चाललीय!’ हे ऐकून खूश होणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

पहिला नंबर टायमिंग बेल्टचा. या इंजिनात साखळी नसते, बेल्ट असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडायची वेळ येते. बदलताना कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवायला खास लॉकिंग टूल्स लागतात, त्यामुळे हे काम कुठल्याही कोपऱ्यावर करता येत नाही. जुना बेल्ट कधी बदलला याची पावती नव्हती. पावती नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप, तिन्ही एकदम बदलले, पुण्यातच. ते झाल्याशिवाय गाडी साडेआठशे किलोमीटर लांब न्यायची नाही हे ठरलेलंच होतं.

दुसरे टायर. टायरच्या बाजूला लांबलचक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीवर हेच होते. नक्षी मस्त, खोली भरपूर, विकणाऱ्यानं काळं पॉलिशही मारलेलं. पण रबर आतून लाकूड झालेलं, कडेला बारीक भेगा. असल्या टायरवर समृद्धी महामार्गावर चढायचं? तिथे कारला ताशी १२० ची परवानगी आहे आणि काँक्रीट दुपारी तव्यासारखं तापतं. चारही नवीन घेतले. १९५/५५ आर १६ हा साइझ लक्षात ठेवा, आरमोरीत ट्रॅक्टरचा टायर अर्ध्या तासात मिळेल, हा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवीन ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की नियमाप्रमाणे हाच आकडा १५५ पर्यंत आलेला चालतो. फास्ट गाडीचे ब्रेक घाटात दोन-चारदा जोरात दाबले की तापमान कुठे जातं, विचार करा. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. माझ्या गाडीतून निघालेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. कटिंगच्या नव्हे, टपरीवर सकाळपासून उकळणाऱ्या चहाच्या.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, कारण तिथे मजा काहीच नाही. फॉर्म २९ आणि ३० दोन्ही, आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला नाही ना ते बघणं, आणि इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो तुम्हाला मिळत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलीय का तेही बघा.

आणि गाडीतून काय काढलं? आधीच्या मालकानं बसवलेला ट्यूनिंग बॉक्स आणि तो ढुमढुमणारा सायलेन्सर. विकणारा म्हणाला, ‘बॉस, एकशेसत्तर घोडे होतात!’ होत असतील. पण कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलंय. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला आयतं कोलीत. शिवाय गाडीत नेमकं काय दुखतंय हे कळायचं असेल, तर तिला आधी मूळ स्वभावावर आणावं लागतं. बॉक्स काढल्यावर एकशेपंचेचाळीस घोडे नीट पळतायत की नाही, एवढंच बघायचं होतं.

ते पळत नव्हते.

आरमोरीला पोचून दहा दिवस झाले आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. पिकअप एकदम मेलेला, तिसऱ्या गिअरमध्ये एखाद्या दमेकऱ्यासारखी. ब्लूटूथ स्कॅनर लावला, मोबाइलवर कोड आला पी ०२९९. म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा बनत नाही. पुण्यातल्या दोस्ताला फोन केला. ‘टर्बो गेला रे. नवा टाक. लाखाच्या आसपास धर.’ फोनवर निदान करणारे डॉक्टर आणि मेकॅनिक यांची फी नसते, ती आपल्याला नंतर पडते.

बाबा म्हणाले, ‘मिस्त्रीले दाखव.’

मिस्त्रीभाऊंच्या शेडबद्दल वर सांगितलंच. ट्रॅक्टर, मळणी यंत्रं, बोलेरो, क्वचित एखादी आल्टो. नाकावर विंचू मिरवणारी लाल गाडी बघून आधी गर्दी जमली.

‘कायची गाडी आहे जी हे?’

‘फियाट.’

‘फियाट त कवाचीच बंद झाली. आमच्या डॉक्टरसाहेबाकडे होती पांढरी.’ त्यांच्या डोळ्यासमोर प्रीमियर पद्मिनी होती. ‘अन् हा इचू कायले लावला जी?’

व्हिएन्नाच्या कार्लोची रास समजावून सांगायचा प्रयत्न केला. मिस्त्रीभाऊंनी मान डोलावली आणि मागच्या पोराला म्हणाले, ‘धानाच्या बांधीत कमी हायेत का, म्हणून यायनं गाडीवर बसवला.’

मोबाइलवरचा कोड त्यांनी बघितला, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. मला अॅक्सिलरेटर द्यायला लावला, स्वतः बोनटवर वाकून डोळे मिटून उभे राहिले. मिनिटभरानं म्हणाले, ‘हवा खाते.’ मग जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. पीव्हीसी पाइपाचं एक टोपण, त्याला भोक पाडून बसवलेला ट्यूबचा व्हॉल्व्ह. हे टोपण टर्बोकडे जाणाऱ्या हवेच्या पाइपावर क्लॅम्पनं घट्ट बसवलं. इंजिन बंद. पंक्चरच्या कॉम्प्रेसरनं हळूहळू दहा पौंड हवा भरली. आणि बादलीतलं साबणाचं पाणी ब्रशनं एकेका पाइपावर. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजवर, क्लॅम्पच्या अगदी खाली, जिथे नजर जात नाही तिथे फेसाचा फुगा आला. नखाएवढी चीर. गाडी उभी असताना बंद, दाब आला की उघडणार.

‘हार्वेस्टरले हेच होते. हंगामात दोन-तीन तरी येतेत,’ मिस्त्रीभाऊ हात पुसत म्हणाले. हार्वेस्टरलाही टर्बो असतो हे मला माहीत होतं, पण तो आणि हा एकाच जातीचे आहेत, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. शहरात आपण गाडीचा ब्रँड बघून मेकॅनिक शोधतो. या माणसानं हवा, डिझेल आणि पाणी कुठून कुठे जातं हे वीस वर्षं बघितलंय. वर नाव कुणाचंही असो.

खर्च? सिलिकॉन होजचा तुकडा आणि दोन क्लॅम्प धरून साडेपाचशे रुपये. मूळ पाइप पुण्याहून यायला सतरा दिवस लागले. तोवर त्या तुकड्यानं तक्रार केली नाही.

मग आमची गट्टी जमली. खालचे लोअर आर्मचे बुश फाटलेले होते, समोरचे लिंक रॉड खडखडत होते. ती कामं इथेच झाली, अलाइनमेंट मात्र गडचिरोलीला जाऊन करावी लागली. दर वेळी मिस्त्रीभाऊ गाडीखाली झोपून आणखी काहीतरी शोधून आणत. एकदा त्यांनी सायलेन्सरच्या पाइपाभोवती गुंडाळलेली मूठभर तणस काढून माझ्या हातात ठेवली. धान कापणीच्या दिवसांत इकडच्या रस्त्यांवर तणस पडलेली असते. गाडी खाली बसलेली, टर्बोचा एक्झॉस्ट आगीसारखा तापलेला, आणि कोरडी तणस. ‘जळली असती,’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून घरी आलो की टॉर्च घेऊन खाली बघायचं. तोवर इंजिन मिनिटभर चालू ठेवायचं, टर्बो थंड होऊ द्यायचा. तापलेल्या टर्बोत इंजिन एकदम बंद केलं की आतलं ऑइल जागेवरच करपतं. हे शहरातही लागू आहे बरं का, सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर्रकन येऊन खटकन चावी काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

दुसरा शत्रू उंदीर. आमच्या पडवीत धानाची पोती, शेजारी ऊबदार बोनट. एका सकाळी सेन्सरची वायर अर्धी कुरतडलेली. नेटवर सांगतात तंबाखू ठेवा, डांबरगोळ्या ठेवा. आमच्याकडच्या उंदरांना दोन्हीची सवय आहे. रात्री बोनट उघडं ठेवून आत एक छोटा बल्ब, हा उपाय चालला. बाबांच्या मते श्रेय मांजरीचं.

पेट्रोलचंही टेन्शन आहेच. २०२५ मध्ये देशानं वीस टक्के इथेनॉल मिश्रणाचं लक्ष्य गाठलं, मूळ २०३० च्या पाच वर्षं आधी. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो, टर्बोला ते आवडावं. पण २०१६ ची गाडी या मिश्रणासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींचं अॅव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. माझी चिंता अॅव्हरेजची नाही, ते आधीच वाया गेलेलं आहे. चिंता रबरी पाइपांची आणि टाकीत मुरणाऱ्या पाण्याची. म्हणून इंधनाचे पाइप दर सर्व्हिसिंगला हात लावून बघायचे, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवायची नाही. पावसाळ्यात तर ती उभीच राहील. गोसेखुर्दचं पाणी सुटलं आणि वैनगंगा फुगली की इकडचे रस्ते भलेभले ट्रक अडवतात, माझ्या विंचवाचं काय.

जानेवारी उजाडला. बाबांना पहाटे पाचला उठवावं लागलं नाही, ते चारलाच तयार होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर हात ठेवला आणि बसले. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं की बोनटच्या पुढे काही दिसेना. पस्तीसच्या स्पीडनं निघालो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, रात्रभराचं नाटक बघून घोंगड्या पांघरून परतणारे लोक धुक्यातून एकदम समोर येतात. ब्रह्मपुरी गेलं, नागभीडकडे जंगल सुरू झालं, थोडं उजाडलं. तिथे धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्यांची रांग. समोरचा रस्ता मोकळा दिसला, तिसरा गिअर टाकला, आणि दोन हजार आरपीएमपासून मिळणाऱ्या त्या टॉर्कचा अर्थ कळला. चार सेकंदांत रांग मागे, गाडी आपल्या लेनमध्ये. टॉप स्पीडचा इथे काही संबंध नाही. समोरून येणाऱ्या ट्रकच्या लेनमध्ये तुम्ही किती कमी वेळ असता, तेवढाच हिशेब.

भिवापूरच्या अलीकडे डावीकडून रानडुकरांचा कळप आडवा आला. एक मोठं, मागे चार-पाच पिल्लं. ब्रेक पूर्ण दाबला. नवे टायर, नवं ऑइल, गाडी रेषेत थांबली. बाबांची औषधांची डबी डॅशबोर्डवरून घरंगळून त्यांच्या पायाशी पडली. पिल्लं सावकाश पलीकडे गेली. बाबांनी वाकून डबी उचलली, झाकण तपासलं आणि म्हणाले, ‘थांबते बरोबर.’

नागपुरात रिपोर्ट चांगले आले. परतताना उमरेडला चहा घेतला, अंधार पडायच्या आत घरी. बाबा उतरले आणि पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख कॅलेंडरवर लिहिली. खाली पेन्सिलनं ‘गाडी’ असं लिहिलंय, एसटीची वेळ लिहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीभाऊंना म्हटलं, तुम्ही एकदा चालवा की. मला वाटलं, आता हा माणूस वडसा रोडवर जरा मजा करेल. त्यांनी चप्पल काढून ठेवली, काचा खाली केल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या स्पीडनं, कान बाहेर काढून किलोमीटरभर नेली. परत आले, चावी दिली. ‘मागच्या डाव्या चाकात बेअरिंग बोलते जी. अजून हळू बोलते.’

मला काही ऐकू येत नाही. ऑर्डर केलंय. सोमवारच्या पार्सलनं येईल.